मीटिंग कुठं भरते, आणि आत गेल्यावर काय?

या महिन्याच्या टपालात दारू सोडण्याविषयीची पत्रं जास्त होती आणि बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे होता : अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांच्या आधारानं चालवलेली संघटना, जिला सगळे नुसतं ‘एए’ म्हणतात, तिच्या मीटिंग. नाव कुणाचंच छापलेलं नाही, पेठ किंवा गाव तेवढं ठेवलं आहे. लांब पत्रं कापली आहेत.

प्रश्न : नेटवर कोल्हापुरातल्या मीटिंगचा पत्ता सापडला. संध्याकाळी सातला गेलो तर शाळेला कुलूप. वॉचमनला काय म्हणून विचारणार? परत फिरलो आणि त्याच रात्री प्यालो. खात्रीचा पत्ता कुठं मिळेल? (शिवाजी पेठ)

कुलूप लागलेलं दार बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. एएला स्वतःच्या इमारती नसतात. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, दवाखान्यातली रिकामी खोली अशा जागा आठवड्यातून एक-दोन दिवस, तास-दीड तासापुरत्या घेतलेल्या असतात. परीक्षा आल्या, सुट्टी लागली, हॉल लग्नाला गेला, गणपतीत मंडळानं जागा घेतली की मीटिंग हलते. मेंबर लोकांना ते एकमेकांच्या फोनवरून कळतं. नेटवरचा पत्ता मात्र जिथल्या तिथं राहतो. म्हणूनच आम्हीही इथं पत्ता छापत नाही.

फोन आधी, पाय नंतर. एएचं भारतातलं मुख्य सेवा कार्यालय, जीएसओ इंडिया, मुंबईत आहे. त्यांच्या संकेतस्थळावरून हेल्पलाइन आणि गावोगावच्या ग्रुपची माहिती मिळते. स्थानिक नंबर मिळाला की पलीकडे बहुधा दारू सोडलेला मेंबरच असतो, पगारी माणूस नव्हे. तो दिवसा स्वतःच्या कामावर असणार, तेव्हा दुपारी उचलला नाही तर रात्री आठनंतर पुन्हा लावा. त्याला वार आणि वेळ विचारा, या आठवड्यात मीटिंग नक्की आहे का ते विचारा, कुठल्या गेटनं आत यायचं, कितव्या मजल्यावर, मीटिंग ओपन (कुणीही येऊ शकतं) आहे की क्लोज (फक्त दारू सोडू इच्छिणारे), हेही विचारून घ्या. आणि शेवटी एवढं म्हणा : “मी पहिल्यांदा येतोय, गेटवर कुणी भेटेल का?” यात लाजायचं काही नाही. एएत दारूपासून दूर राहण्यासाठी बारा टप्पे, म्हणजे ‘पायऱ्या’, सांगितल्या आहेत; नव्या माणसाला आत घेऊन येणं हे मेंबरच्या स्वतःच्या बाराव्या पायरीचं काम आहे. तुम्ही विचारलंत तर त्याच्यावर ओझं पडत नाही, उलट तो वाटच बघत असतो.

नेट जमत नसेल तर कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागाच्या ओपीडीत किंवा शहरातल्या कुठल्याही मानसोपचारतज्ज्ञाकडे विचारा. व्यसनाचे रुग्ण बघणाऱ्यांना जवळचे ग्रुप सहसा माहीत असतात. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची टोल-फ्री हेल्पलाइन आहे. कोल्हापुरात मीटिंग नसेल त्या वारी इचलकरंजी, जयसिंगपूर किंवा सांगली-मिरजेला आहे का, ही चौकशीही त्याच फोनवर करून ठेवा. ऑनलाइन मीटिंगही भरतात. पहिल्या आठवड्यात त्या कामाला येतात, पण कॅमेरा बंद करून नुसतं ऐकायची सवय लागली की त्याचा फारसा उपयोग राहत नाही.

बाहेरगावाहून येणाऱ्यांनी शेवटच्या एसटीची वेळ आधी बघावी. मीटिंग साडेआठला सुटली आणि राधानगरीची गाडी गेलेली असली, तर स्टँडवर एकट्यानं काढलेला तास वाईट जातो. त्या बाजूला जाणारा कुणी गाडीवाला मेंबर आहे का, हे आधीच विचारून ठेवावं.

आणि त्या रात्री प्यालात, म्हणून पुढच्या मीटिंगला जाता येत नाही असं मुळीच नाही.

प्रश्न : आमचे मालक रोज तीन क्वार्टर प्यायचे. गळ्यात माळ घातली आणि एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, उलट्या झाल्या. तिसऱ्या रात्री भिंतीवर किडे चालतायत म्हणून ओरडत उठले. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, पण शेवटी पुन्हा प्याल्यावरच शांत झाले. आता परत सोडायची म्हणतात. या वेळी थेट मीटिंगलाच नेऊ का? (गडहिंग्लज तालुका)

नको. आधी डॉक्टर, आणि तेही सोडायच्या आदल्या दिवशी, हात कापायला लागल्यावर नव्हे.

१८० मिलीच्या एका क्वार्टरमध्ये, व्हिस्की-रम असेल तर, साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. रोज तीन म्हणजे १८० ग्रॅम. दारू मेंदूला मंद करते, म्हणून मेंदू वर्षानुवर्षं त्याच्या उलट जोर लावत राहतो. दारू अचानक काढली की तो उलटा जोर तसाच उरतो. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या दोन दिवसांत जास्त असतो. भास, दिवस-रात्रीचं भान सुटणं, अंग तापणं हे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात येतं. तुमच्या मालकांचे किडे त्यातलेच. ही अवस्था वेळेत हाताळली नाही तर माणूस दगावतो. एकदा असं झालेल्याला पुढच्या वेळी पुन्हा, आणि जास्त जोरात, होण्याची शक्यता असते. माळेला दोष नाही. मन माळेचं ऐकेल, पण शरीराला ते ठाऊक नसतं.

सलाईनबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. सतत पिणाऱ्याच्या अंगात ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी झालेलं असतं. अशा माणसाला नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. म्हणून थायमिनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी किंवा बरोबर दिलं जातं. सलाईन लावायला येतील तेव्हा “हे रोज पितात, तीन दिवसांपूर्वी बंद केली” एवढं वाक्य डॉक्टरांना न लाजता सांगा. घरचे हेच लपवतात आणि तिथंच घोटाळा होतो.

तुमच्या मालकांना आधी फिट किंवा भास झालेत, त्यामुळं घरी प्रयोग करू नका, भरती करूनच सोडवा. साधारण पाच ते सात दिवस लागतात. झोपेच्या-शांततेच्या गोळ्या रोज कमी करत बंद करतात. मेडिकलमधून त्याच गोळ्या आणून घरी देऊ नका, दारूवर त्या पडल्या तर श्वास मंदावतो. भरती व्हायच्या आधीच फिट आली, बडबड वाढली, तर १०८ ला फोन करा. मीटिंगसाठी डिस्चार्जची वाट बघायची गरज नाही. पाय स्थिर झाले, बोलणं सरळ झालं की चालतं. फोन केला तर काही ठिकाणी मेंबर वॉर्डात भेटायलाही येतात.

प्रश्न : मी शिक्षक आहे. कोल्हापूर म्हणजे एक मोठी गल्ली. मीटिंगमध्ये एखादा पालक भेटला तर? (राजारामपुरी)

भेटू शकतो. पण तो तिथं का आलाय, याचाही विचार करा. तुम्हाला जेवढी त्याची भीती, तेवढीच त्याला तुमची.

मीटिंगमध्ये आडनाव, पत्ता, नोकरी कुणी विचारत नाही. रजिस्टर नसतं, फोटो काढत नाहीत. ‘इथं जे ऐकलं ते इथंच’ हे बहुतेक ठिकाणी मोठ्यानं वाचलंही जातं. हे काही कायद्याचं बंधन नाही, आपापसातला रिवाज आहे, आणि क्वचित कुणी तो मोडतोही. तेव्हा पहिल्या मीटिंगमध्ये शाळेचं नाव, कोर्टातली प्रकरणं, पैशाचे व्यवहार बोलू नका. त्या गोष्टी पुढं एका स्पॉन्सरजवळ, म्हणजे तुम्हाला वाट दाखवणाऱ्या जुन्या मेंबरजवळ, बोलायच्या. क्लोज मीटिंगला फक्त दारू सोडू इच्छिणारेच बसतात, ओपनला नातेवाईक, विद्यार्थी, समाजसेवक कुणीही येऊ शकतं. तुमच्यासाठी सुरुवातीला क्लोज बरी. तरीही धास्ती वाटत असेल तर पहिल्या चार मीटिंग सांगलीत करा, बरेच जण तसं करतात. पण घराजवळचा ग्रुप कधी तरी धरावाच लागेल. रात्री दहाला तलफ आली तर माणूस जवळचाच लागतो.

आणि एक विचारतो : बारमध्ये पालक भेटला तर काय, हा प्रश्न इतकी वर्षं पडला होता का?

प्रश्न : आत नेमकं काय चालतं? फी किती? देवाधर्माचं असतं म्हणे, मी नास्तिक आहे. (रुईकर कॉलनी)

खुर्च्या, एक टेबल, भिंतीला टांगलेले दोन कापडी फलक : एकावर बारा पायऱ्या, दुसऱ्यावर बारा परंपरा, म्हणजे ग्रुप कसा चालवायचा याची तत्त्वं. टेबलामागं चेअर करणारा बसतो. तो त्या दिवसापुरता असतो, अधिकारी नसतो. सुरुवातीला क्षणभर शांतता, मग एए म्हणजे काय याचं छोटं वाचन, कधी पुस्तकातला एखादा उतारा. नंतर शेअरिंग. ज्याला बोलायचं तो “मी अमुक, अल्कोहोलिक” म्हणून नाव सांगतो आणि पाच-दहा मिनिटं स्वतःविषयी बोलतो. दुसरा कुणी त्यावर टिप्पणी करत नाही, सल्ला देत नाही, खोडत नाही. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं, पण पिणाऱ्या माणसानं घरी आणि कामावर सल्ले पुष्कळ ऐकलेले असतात. तुमच्याकडं पाळी आली तर “आज फक्त ऐकतो” म्हणा, कुणी आग्रह करणार नाही. शेवटी प्रार्थना, मग चहा. एखाद्याला दारू सोडून वर्ष झालं असेल तर त्याचा ‘वाढदिवस’ करतात. त्या दिवशी मुद्दाम जा.

फी नाही. मधेच पिशवी किंवा डबा फिरतो, दहा-वीस रुपये टाकायचे तर टाका, नव्यानं टाकले नाहीत तरी चालतं. जागेचं भाडं, चहा, छपाई त्यातूनच भागते. सातव्या परंपरेनुसार बाहेरच्या कुणाकडून, मग तो आमदार असो की कारखाना, पैसे घेतले जात नाहीत. त्यामुळं ‘एए केंद्रात प्रवेश, महिना इतके हजार’ अशी जाहिरात दिसली तर ती एएची नाही. ते खासगी व्यसनमुक्ती केंद्र असेल, चांगलंही असेल, पण गोष्ट वेगळी.

आता देव. १९३५ साली अमेरिकेतल्या अक्रॉन गावात एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही पक्के दारुडे, एकमेकांशी बोलून कोरडे राहिले, तिथून हे सुरू झालं. त्या काळातली ख्रिस्ती भाषा पायऱ्यांत उतरली आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण देवाचा उल्लेख ‘आपल्याला जसा समजेल तसा’ असा आहे. अनेक नास्तिक मेंबर त्या जागी ग्रुपच धरतात : एकट्याला जमलं नाही, दहाजणांत जमतं, एवढाच अर्थ. सभासदत्वाला अट एकच, दारू थांबवायची इच्छा. प्रार्थनेला गप्प उभे राहिलात तरी कुणी हरकत घेणार नाही.

प्रश्न : मी दारू पीत नाही, फक्त बिअर. रोज दोन स्ट्राँग. मला मीटिंगची गरज आहे का? (गोकुळ शिरगाव)

६५० मिलीची आठ टक्क्यांची एक स्ट्राँग म्हणजे सुमारे ४० ग्रॅम अल्कोहोल. दोन झाल्या की एका क्वार्टरच्या वर गेलात. गरज आहे का ते बाटलीवरून ठरत नाही. उद्यापासून महिनाभर बंद करून बघा. पण सकाळी हात कापत असतील तर आधी वरचं गडहिंग्लजचं उत्तर वाचा.

प्रश्न : नवऱ्याला न सांगता जेवणात घालायची पूड मिळते, भिंतीवर जाहिरात असते. ती द्यावी का? आणि ते मीटिंगला येत नाहीत तर मी एकटीनं जाऊन काय उपयोग? (कसबा बावडा)

पूड देऊ नका. अशा पुड्यांत काय आहे ते पुडीवर खरं लिहिलेलं असेलच असं नाही. काहींत डायसल्फिरामसारखं औषध असण्याची शक्यता धरून चाला. ते औषध खरं आहे, डॉक्टर वापरतातही, पण रुग्णाला सगळं सांगून, त्याची संमती घेऊन, लिव्हर आणि हृदय तपासून, आणि शेवटच्या दारूनंतर किमान १२ तास गेल्यावर. त्यावर दारू पडली की तोंड लाल होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ज्याला माहीत नाही तो बारमध्ये बसणारच, आणि डॉक्टरला कारणही सांगू शकणार नाही.

रात्रीत येऊन उचलून नेणाऱ्या केंद्रांबद्दलही आणखी दोन पत्रं आहेत, त्यांनाही इथंच सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं. संमतीशिवाय भरती करायची तर नामनिर्देशित प्रतिनिधीचा, म्हणजे रुग्णाच्या वतीनं कायद्यानुसार ठरलेल्या माणसाचा, अर्ज लागतो, दोघांनी (त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ) वेगवेगळी तपासणी करावी लागते आणि पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते. साखळीनं बांधायला पूर्ण बंदी आहे. केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, हे कागद बघूनच पैसे भरा.

राहिला तुमच्या एकटीचा प्रश्न. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना आहे, १९५१ पासूनची. किशोरवयीन मुलांसाठी तिच्यातच अलाटीन आहे. एएच्या फोनवर विचारलं तर जवळचा ग्रुप कळतो. पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही घरच्यांसाठी काम चालतं. अल-अ‍ॅनॉनच्या मीटिंगमध्ये नवऱ्याची दारू कशी सोडवावी हे शिकवत नाहीत, म्हणून काही बायका पहिल्याच दिवशी नाराज होऊन येतात. तिथं शिकायला मिळतं ते असं : कामावर ‘ताप आलाय’ म्हणून खोटा फोन करणं थांबवायचं, बारची उधारी आपण फेडायची नाही, प्यालेला असताना वाद घालायचा नाही. बोलायचं ते सकाळी, चहाच्या वेळी, दोन वाक्यांत : “काल रात्री हे झालं. मीटिंगचा नंबर इथं ठेवलाय.” रात्रीच्या शंभर वाक्यांपेक्षा हे जास्त लागतं. हात उगारला जात असेल तर मात्र मीटिंगची वाट बघू नका, १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, तातडीला ११२.

प्रश्न : चार मीटिंग केल्या. सगळी रडगाणी. पाचव्या दिवशी प्यालो. हे आपल्याला लागू पडत नाही, असं समजू का? (इचलकरंजी)

चार मीटिंग कशा केल्या ते पत्रात नाही, पण अंदाज सांगतो : सुरू झाल्यावर आलात, मागच्या खुर्चीवर बसलात, संपल्या संपल्या गाडीला किक मारली. मीटिंगचं निम्मं काम आधीच्या पंधरा मिनिटांत आणि नंतरच्या चहात होतं. नंबर तिथं मिळतात. खुर्च्या मांडायला लागलात की ओळख आपोआप होते.

एकच ग्रुप चार वेळा बघण्यापेक्षा तीन वेगवेगळे बघा. एखाद्या ग्रुपमध्ये एकच जुना मेंबर वीस मिनिटं बोलतो, एखाद्यात सगळे निवृत्त, एखाद्यात तुमच्यासारखे लूमवाले. जिथं तुमच्यासारखं कुणी बोललं तो धरा. पहिल्या तीन महिन्यांत शक्य तितक्या रोज जावं असा जुना रिवाज आहे, नव्वद दिवसांत नव्वद मीटिंग. आपल्याकडं तेवढ्या नसतात, तिथं उरलेल्या दिवशी ऑनलाइन किंवा एका मेंबरला फोन.

स्पॉन्सर महिन्याभरात ठरवा. किमान एक-दोन वर्षं कोरडा, स्वतः पायऱ्या केलेला, पुरुषानं पुरुष आणि बाईनं बाई, आणि पैसे उसने न मागणारा. उसनवारीवरून तुटलेली नाती या वर्तुळात कमी नाहीत. एखादा मेंबर “गोळ्या घेतोस म्हणजे तू सोबर नाहीस” म्हणाला तर ते त्याचं मत. मेंबरनं डॉक्टर बनू नये, असं एएचंच सांगणं आहे. नॅल्ट्रेक्सोनसारखी तलफ कमी करणारी गोळी आणि मीटिंग दोन्ही एकत्र चालतात.

लागू पडतं का? २०२० साली कोक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास, १०,५६५ माणसं तपासली. वर्षभरानंतर पूर्ण कोरडे राहिलेले एएच्या वाटेनं ४२ टक्के, इतर उपचारांनी ३५ टक्के. म्हणजे जादू नाही. आणि त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत समुपदेशक माणसाला हाताला धरून मीटिंगपर्यंत नेत होते, नुसती चिठ्ठी देत नव्हते. स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यालात, तर दुसऱ्याच दिवशी जा आणि “काल प्यालो” एवढं सांगा. प्यायलेल्या अवस्थेत गेलात तरी सहसा हाकलत नाहीत, फक्त त्या दिवशी बोलू नका म्हणतात.

प्रश्न : पिणारी मी आहे. पुरुषांच्या खोलीत एकटी बाई कशी जाऊ? (नागाळा पार्क)

फोनवर आधी सांगा, “मेंबर बाईशी बोलायचं आहे.” गावात नसेल तर पुण्या-मुंबईची जोडून देतात. महिलांच्या ऑनलाइन मीटिंगपासून सुरुवात करा. प्रत्यक्ष गेलात तर पहिल्या दोन-तीन वेळा बहीण किंवा मैत्रीण घेऊन ओपन मीटिंगला जा, आपला नंबर बायकांनाच द्या, आणि पहिल्या महिन्यात “घरी सोडतो” म्हणणाऱ्या पुरुष मेंबरला, तो कितीही सज्जन असला तरी, नको म्हणा.

प्रश्न : दोन महिने झाले सोडून. आता आखाड आला. तालमीतल्या पोरांचं मटण, वर गटारी. जायचं का? (मंगळवार पेठ)

या वर्षी नाही. तांबडा-पांढरा घरीही होतो. टाळताच येत नसेल तर जेवायच्या वेळीच पोचा, बसायच्या वेळी नव्हे. पोटात काहीतरी घालून जा, कारण भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चौघांतला एक जरी असला तरी तलफ जोर धरते. गाडी स्वतःची न्या, म्हणजे निघणं दुसऱ्याच्या हातात राहत नाही. ग्लास रिकामा ठेवू नका, ताक, सोडा काहीही भरलेलं हातात असू द्या, आणि खाली ठेवलेला ग्लास पुन्हा उचलू नका. स्पॉन्सरला जाताना एक फोन, निघताना एक. “का रे, घेत नाहीस?” याला “गोळ्या चालू आहेत” एवढं पुरतं.

पावसाळ्यात खोकलाही येतो, तेव्हा औषधाची बाटली वाचून घ्या. काही कफ सिरपमध्ये, होमिओपॅथीच्या टिंक्चरमध्ये आणि द्राक्षासव, दशमूलारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत अल्कोहोल असतं. डायसल्फिराम चालू असेल तर तेवढ्यानंही त्रास होतो. वैद्यांना सांगितलंत तर ते काढा किंवा गोळी देतील.